न दुखणारी गाठ

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या घरात कुणाला उसंत नसते. हळदीकुंकवाचे दिवस, जिला तिला वेणी हवी. नाशिक वाढत वाढत आमच्या बांधाला येऊन टेकलं, आणि आता शेवंतीच्या वाफ्यांपलीकडे सात-सात मजली सोसायट्या उभ्या आहेत. तिथल्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला लागणाऱ्या वेण्या त्या वर्षीही मीच केल्या, टोपलीभर. टोपली घेऊन माझी धाकटी जाऊ गेली. मी गेले नाही, कारण मी विधवा आहे.

आता कुणी 'येऊ नका' असं म्हणत नाही. तसं म्हणणं हल्ली बरं दिसत नाही. फक्त 'या' म्हणत नाहीत, आणि पुढचं आपण समजून घ्यायचं असतं. नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली. सुरुवातीला रडू यायचं, मग राग यायचा, मग सवय झाली, असं मी लोकांना सांगते. सवय वगैरे काही होत नसते. राग तेवढा नाकावरून खाली उतरतो आणि पोटात जाऊन बसतो.

त्या वर्षी मंडळाने नवीन टूम काढली होती. वाण वाटायच्या आधी एका डॉक्टरबाईंना बोलावलं होतं, स्तनाच्या कॅन्सरबद्दल माहिती सांगायला. एवढ्या बायका एका ठिकाणी आयत्या सापडतात, तर नुसती गाळणी आणि डबे वाटण्यापेक्षा काही कामाचं होऊ दे, असा विचार. विचार चांगलाच होता. फक्त हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांनाच छाती असते, अशी त्यांची काहीतरी समजूत असावी.

संध्याकाळी जाऊ परतली ती हसतच. वाण म्हणून चहाची गाळणी मिळाली होती. ती कट्ट्यावर टाकून म्हणाली, "ताई, तुम्ही पाह्यजे होत्या तिथं! बाईंनी रबराची छाती आणली होती. आतमधी गाठी. एकेकीच्या हातात देत होत्या चाचपायला. लय हसलो आम्ही." आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन तिने जीभ चावली.

"नव्हते ना मी तिथे," मी म्हटलं. "मग आता सांग काय काय सांगितलं ते."

जाऊ नामपूरकडची. लग्न होऊन आली तेव्हा मोठ्याने हसायची म्हणून सासूबाई बोटं मोडायच्या. आमचं दोघींचं भांडण आठवड्यातून एकदा तरी ठरलेलं, कधी पाण्याच्या मोटारीवरून, कधी मिठावरून. पण पोटात ठेवून घेणारी ती नाही. तिने दार लोटलं, कॉटवरची उशी मांडीवर घेतली आणि मला दाखवायला लागली. बोटांची टोकं खुपसायची नाहीत, तीन बोटं सपाट ठेवून गोल गोल फिरवायची. कडेने सुरू करून मधे यायचं. काखेपर्यंत जायचं, काख विसरायची नाही. आरशासमोर हात वर करून बघायचं, दोन्हीकडे सारखं दिसतं का, कुठे कातडी ओढल्यासारखी आहे का, बोंड आत गेलंय का, त्यातून काही येतंय का. पाळी येत असेल तर ती संपल्यावर. माझ्यासारखीची बंद झालेली असेल तर महिन्याचा कुठलाही एक दिवस धरून ठेवायचा.

"आणि गाठ लागली तर?"

ती क्षणभर थांबली. "दुखत आसंल तर लगेच दाखवायची," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात मी साबणाच्या हाताने तसं करून पाहिलं. खरं तर रागाने पाहिलं. तुम्ही नाही बोलावलं तरी माझं काही अडत नाही, असं कुणाला तरी दाखवायचं होतं. उजवीकडे काही नव्हतं. डावीकडे वरच्या बाजूला, काखेकडे, वाटाण्याएवढं काहीतरी बोटाला लागलं. कडक. बाजूला सरकत नव्हतं. मी दाबलं, आणखी दाबलं. अजिबात दुखलं नाही, आणि माझा जीव भांड्यात पडला.

जावेला सांगितलं. तिने पदराआडून स्वतः चाचपून पाहिलं. घाबरली की तिच्या तोंडी माहेरची अहिराणी येते. "दुखत नई ना? मग काही नई शे," ती म्हणाली. मग विचार करून म्हणाली, "ती पर्स दाबती ताई तिथं." हे मला एकदम पटलं. पंचवटीच्या फुलबाजारात बसणाऱ्या आम्ही सगळ्याजणी सुट्ट्या पैशांची पर्स ब्लाउजमध्येच खोचतो, वर मोबाईल. त्या दिवसापासून पर्स कमरेला गेली. शिवाय मुलीला, ती आता लग्न होऊन लांब असते, मी दोन वर्षांच्या वर अंगावर पाजलेलं, माहेरी सासरी कुणाला असलं काही नाही. मला कसा होईल?

मग मी वाट पाहू लागले. आता हसू येतं, पण मी खरोखरच त्या गाठीच्या दुखण्याची वाट पाहत होते. आंघोळीला गेले की बोट ठेवून विचारायचे, काय गं, दुखतेस का? ती काही बोलायची नाही. शेवंती संपली, उन्हं तापली, मोगऱ्याला कळ्या धरल्या. गाठ तशीच गप्प राहिली आणि मीही समाधानात राहिले.

रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी मी आरोग्य केंद्रात जाते. चैत्रात गेले तेव्हा तिथल्या सिस्टर तिशीपुढच्या प्रत्येक बाईला काही प्रश्न विचारून घेत होत्या. साखर, तंबाखू, तोंडात जखम, अंगावरून पांढरं. मी पटापट उत्तरं देत होते.

"छातीत कुठे गाठ वगैरे?"

"आहे एक. पण दुखत नाही."

सिस्टरने मान वर केली. "कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

"मग इतके दिवस काय करत होता मावशी?"

"दुखायची वाट बघत होते," मी म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं.

ती मला ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने उठून पडदा ओढला, मला आडवं व्हायला सांगितलं, हात डोक्याखाली घ्यायला लावून दोन्ही बाजू तपासल्या. मग माझा पदर नीट करत म्हणाली, "मावशी, न दुखणारी गाठच आधी दाखवायची असते. हा आजार सुरुवातीला दुखत नाही, तिथेच तर बायका फसतात. दुखली तरी दाखवायचीच. आता सगळ्या गाठी कॅन्सरच्या नसतात, बऱ्याचशा साध्याच निघतात. पण कुठली कसली आहे हे तुमच्या बोटांना नाही कळणार, माझ्याही नाही. त्यासाठी तपासण्या आहेत. उद्याच्या उद्या जायचं." मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी हातात दिली.

घरी येईपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. आधी जावेवरच. एवढं एक वाक्य धड आणता आलं नाही हिला? ती झेंडूच्या वाफ्यात खुरपत होती. मी बांधावरूनच सांगितलं, सिस्टर असं असं म्हणाल्या. ती खुरपं हातात तसंच धरून उभी राहिली. मग तिने मंडळातल्या मैत्रिणीला फोन लावला, माझ्यासमोरच, आवाज मोठा करून. डॉक्टरबाई गाठीबद्दल नेमकं काय म्हणाल्या होत्या गं?

"अगं, पहिलं तेच तर सांगितलं," फोनमधून आवाज आला. "दुखत नाही म्हणून बसून राहू नका. दोनदा सांगितलं. तू नव्हतीस का? हां, तू तेव्हा आत होतीस, मसाला दूध गरम करायला."

जावेने फोन बंद केला. "मला वाटलं, दुखल्यावरच दाखवत्यात ना," ती म्हणाली. "समदं आपण दुखल्यावरच दाखवतो." आणि ती मातीतच बसली.

माझा राग तिच्यावरून तिथेच उतरला. तिचं चुकलं काय होतं? आमच्याकडे डॉक्टरकडे जायची रीतच तशी आहे, ती तिने इमानाने मला सांगितली. राग त्या टोपलीभर वेण्यांवर आला. तिथल्या एकेकीच्या केसांत मी विणलेली शेवंती होती. फुलं चालत होती, बाई चालत नव्हती. मी समोर बसले असते तर ते पहिलं वाक्य माझ्या कानांनी ऐकलं असतं, दुसऱ्या दिवशी गाठ लागली असती आणि तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात असते. नवरा आहे की नाही हे त्या गाठीने मला विचारलं नव्हतं. मी हे सगळं मोठ्याने बोलले. ऐकायला जाऊ होती आणि झेंडू.

पुढचे दिवस तपासण्यांचे. मॅमोग्राफीत छाती दोन पट्ट्यांमध्ये दाबून फोटो काढतात. दुखतं, पण टाचणी टोचल्यावर आपण जेवढं बोंबलतो तेवढंच, आणि लवकर संपतं. मग सोनोग्राफी. मग सुईने गाठीचा तुकडा काढायचा ठरला, तेव्हा माझे दीर अडून बसले. सुई लावली की कॅन्सर अंगभर पसरतो, असं त्यांना कुणीतरी पारावर सांगितलं होतं. माणूस वाईट नाही, पण पाचावर धारण बसली होती त्यांची. मोठा भाऊ गेला, आता वहिनी जाईल की काय, असं त्यांना झालं होतं. डॉक्टरांनी त्यांना जवळ बसवून सांगितलं, सुईने पसरत नाही. हा आजार कसला आहे हे कळल्याशिवाय औषध कुठलं द्यायचं ते ठरवता येत नाही. दीर मान हलवत राहिले आणि आमच्या फुलांच्या टेम्पोत जाऊन बसले. मी आत जाऊन सुई घेतली.

रिपोर्टमध्ये कॅन्सरच होता. माझ्या काळजात चर्र झालं असं म्हणायला हवं, पण खरं सांगायचं तर कान बंद झाल्यासारखे झाले आणि मी डॉक्टरांच्या टेबलावरचा कागदी फुलांचा गुच्छ बघत राहिले. धूळ बसलेला. नाशिकमध्ये एवढी ताजी फुलं असताना यांना कागदाची का लागतात, हा विचार डोक्यात आला. जाऊ शेजारी रडत होती.

डॉक्टर सावकाश बोलणारे होते. गाठ लहान आहे, पण कॅन्सरने काखेतली एक ग्रंथी धरली आहे. पुढे कुठे गेलेला दिसत नाही. बरा होण्यासारखा आहे, उपचार मात्र सगळे घ्यावे लागतील. मी विचारलं, घरात कुणाला नाही, मुलीला पाजलं, मग मलाच का? ते म्हणाले, ज्यांना होतो त्यातल्या बहुतेकींच्या घरात कुणालाच नसतो. बाई असणं आणि वय वाढणं, हीच मोठी कारणं. वाढतं वजन, दारू, घरात आई-बहिणीला असणं, यांनी धोका वाढतो. पाजल्याने थोडा कमी होतो, पण थोडाच, ते काही कवच नव्हे. पर्सने आणि मोबाईलने होत नाही. आणि मुलीला सांगा, म्हणाले, तिने तिच्या डॉक्टरांना आईचं सांगून ठेवायचं, तपासणी कधीपासून सुरू करायची ते तेच ठरवतील.

निघताना मी जावेला पुढे पाठवलं आणि दारातून परत वळले. "डॉक्टर, संक्रांतीलाच आले असते तर?"

त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. "नक्की सांगता येत नाही," ते म्हणाले. "कदाचित काखेत गेलेला नसता, केमो टळली असती. कदाचित तेव्हाही गेलेलाच असता. आज आलात, आपण आजपासून धरू." हे मी कुणालाच सांगितलं नाही.

ऑपरेशन झालं. गाठ काढली, काखेतल्या ग्रंथी काढल्या, स्तन राखला. सगळ्यांचाच राखता येतो असं नाही, काहींचा पूर्ण काढावा लागतो. राखला तर नंतर शेक घ्यावा लागतो, रेडिएशनचा. शुद्धीवर आल्यावर मी पहिल्यांदा हात लावून पाहिलं आणि त्या वयात, त्या अवस्थेत मला आनंद झाला. मला कोण बघणार आहे, असं मला वाटलं नाही. माझं ते मला हवं होतं. डाव्या हाताने भिंतीवर बोटं चढवत चढवत हात वर न्यायचा व्यायाम करायचा होता, नाहीतर खांदा आखडतो. त्या हाताला सुई नाही, रक्तदाबाचा पट्टा नाही, फुलांचा क्रेट तर नाहीच नाही.

पावसाळाभर केमो चालली. पहिल्या डोसानंतर काही दिवसांतच केस उशीला राहू लागले, तेव्हा जावेनेच ते काढून टाकले. तोंडाला चव नव्हती, जिभेवर फोड. पांढऱ्या पेशी कमी झाल्या तेव्हा डॉक्टरांनी फुलं आणि माती बंद केली, जंतू असतात म्हणून. जन्म फुलांत गेलेली मी खोलीच्या खिडकीतून मळा बघायची. जाऊ मळ्यातून आली की आंघोळ केल्याशिवाय माझ्या खोलीत येत नसे. केसात कधी फूल माळलं नाही तिने त्या दिवसांत. शेजारची एक म्हातारी भेटायला आली आणि माझ्या घरचा चहा नको म्हणाली, लागण होईल म्हणून. जावेने माझा अर्धा उरलेला कप उचलला, तिच्यासमोर संपवला आणि म्हणाली, "बघा आजी, मेले का मी?" त्या दिवशी मी खूप दिवसांनी हसले.

पण एरवी ती बदलली होती. मोठ्याने हसणं बंद. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून मी मुद्दाम कुरापत काढली तरी, "चुकलं ताई," म्हणून वाटी उचलायची. मळा, बाजार, स्वयंपाक, माझे दवाखाने, सगळं तिने एकटीने अंगावर घेतलं. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, काय जाऊ आहे! मला ते सहन होत नव्हतं. सेवा करणारी बाई मला नको होती, माझ्याशी भांडणारी जाऊ हवी होती. ती कशाने गप्प झाली आहे ते मला कळत होतं. आणि डॉक्टरांचं ते उत्तर माझ्याकडे असल्यामुळे मीही गप्प होते.

शेक संपले. रोजची एक गोळी सुरू झाली, माझा आजार हार्मोनवर वाढणारा निघाला म्हणून, आणि ती पुढे काही वर्षं चालणार आहे. डोक्यावर बारीक कुरळे केस आले. उन्हाळ्यात मोठी तपासणी झाली. डॉक्टरांनी सगळं पाहून सांगितलं, आत्ता कुठे काही दिसत नाही, तपासण्यांना मात्र वेळच्या वेळी येत राहायचं. दीर दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. जाऊ घरापर्यंत टेम्पोत खिडकीबाहेर बघत होती.

दुपारी दीर मळ्यात गेल्यावर ती माझ्या खोलीत आली आणि उंबऱ्याशीच उभी राहिली.

"ताई, एक इचारू? खरं सांगायचं पण."

"विचार."

"मी त्या दिवशी नीट ऐकून आले असते, तर तुमची केमो टळली असती का?"

ती कधीतरी हे विचारणार हे मला ठाऊक होतं, आणि खोटं उत्तर मी केव्हाच तयार ठेवलं होतं. काही फरक पडला नसता गं, असं. पण इतके महिने गप्प राहून ती त्या प्रश्नापाशी पोचली होती, तिला मी खोटं देऊ शकले नाही.

"कदाचित टळली असती," मी म्हटलं. "डॉक्टरांनाही नक्की माहीत नाही. मी विचारलं होतं."

तिने मान हलवली. डोळे भरून आले, पण तिने ते पुसलेही नाहीत.

"आता माझं ऐक," मी म्हटलं. "तिथे इतक्या बायका होत्या. सगळ्यांनी ते पहिलं वाक्य नीट ऐकलं. त्यातल्या एकीला तरी वाटलं का, वेण्या करणारी बाई घरी बसलीय, तिलाही जाऊन सांगावं? तुला वाटलं. तू दार लोटून, उशी घेऊन मला दाखवलंस. चुकीचं सांगितलंस, पण तू सांगितलंच नसतंस तर माझा हात तिथे गेलाच नसता. गाठ आहे हे मला कळलंच नसतं, आणि सिस्टरने विचारल्यावर मी 'नाही' म्हणाले असते. मी आज तुझ्यामुळे जिवंत आहे. हेही खरं आहे, आणि ते कदाचित नाही, नक्की आहे."

ती कॉटच्या कडेवर येऊन बसली. मग मांडीकडे बघत हळूच म्हणाली, "ताई, मी माझं कधीच पाह्यलं नाय. तुम्हाला उशीवर दाखवलं तेवढंच. हात तिथं नेला की आपसूक मागं येतो."

मी भडकले. वर्ष उलटून गेलं होतं! माझी सुई, माझे टाके, माझं टक्कल, सगळं हिने उघड्या डोळ्यांनी पाहिलं, आणि स्वतःला एकदाही हात लावला नाही! तिला मी वाट्टेल ते बोलले, अगदी पूर्वीसारखं. तीही पूर्वीसारखी उसळून म्हणाली, "तुमच्यासारखी वाघीण नाय मी, भ्या वाटतं मला!" आणि पुन्हा रडायला लागली.

"उद्या सिस्टरकडे जायचं," मी म्हटलं. "तपासायचं काम त्यांचं."

"जाऊ उद्या. पण आधी तुम्ही बघा. तुम्ही पाह्यलं म्हणजे मी जाईन."

मी उठून दाराला कडी घातली. तिला आडवं व्हायला सांगितलं, हात डोक्याखाली घ्यायला सांगितलं. केमोपासून माझी बोटं गारच असतात. ती मी तळहातावर चोळून चोळून गरम केली. तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि माझा पदर मुठीत धरला होता.

"श्वास सोड गं," मी म्हटलं, आणि तिच्या काखेपासून सुरुवात केली.